चार छिद्रे आणि चारशे किलोमीटरचा समुद्र

पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया हा आता मध्यमवर्गीय मराठी घरात फारशा काळजीचा विषय राहिलेला नाही. काकूंचे 'दुर्बिणीने' झाले, दुसऱ्या दिवशी घरी आल्या, आठवडाभरात स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या, असे आपण सहज सांगतो. पोटावर चार लहान पट्ट्या, रुग्णालयाचे बिल आणि विमा कंपनीशी थोडी हुज्जत, एवढीच या आजाराची आठवण मागे राहते. पुणे, नागपूर, नाशिक येथेच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही ही शस्त्रक्रिया नित्याची झाली आहे.

परंतु ही सहजता समुद्रकिनाऱ्यापाशी थांबते. लक्षद्वीपचेच उदाहरण घेऊ. ३६ बेटे, त्यांपैकी वस्ती दहांवर, सर्व मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर आणि २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४,४७३. राजधानी कवरत्तीपासून कोची सुमारे चारशे किलोमीटर. बेटानुसार हा प्रवास जहाजाने चौदा ते वीस तासांचा. मे महिन्याच्या मध्यानंतर समुद्र खवळतो आणि सप्टेंबरपर्यंत जहाजांच्या फेऱ्या रोडावतात. विमानतळ एकच, अगत्तीला. अन्य बेटांवरील अत्यवस्थ रुग्णाला हेलिकॉप्टरने हलवले जाते, पण हवामान अनुमती देईल तेव्हाच. अंदमान-निकोबारमध्ये अंतरे आणखी मोठी आहेत. कार निकोबारहून पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचे श्रीविजयपुरम्, गाठायचे तर पावणेतीनशे किलोमीटर, आणि तेथून चेन्नई बाराशे किलोमीटरहून अधिक.

अशा बेटावरील छोट्या शासकीय रुग्णालयात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया सुरू करावी काय? कोणत्या बेटावर आज कोणते यंत्र पोहोचले आहे, याची नोंद घेणे हा या लेखाचा हेतू नाही. यंत्र पोहोचले म्हणजे सोय झाली, असे मानण्याची जी आपली प्रशासकीय सवय आहे, तिच्याविषयी बोलायचे आहे.

या प्रश्नावर सर्वसाधारण सुशिक्षित माणसाचे पहिले उत्तर असते, 'बेटावर प्राथमिक सोयी द्या, ही शहरी चैन कशाला?' हे उत्तर समंजस वाटते. पण ते उलटे आहे. जुन्या पद्धतीत उजव्या बरगडीखाली दहा-पंधरा सेंटिमीटरची चीर घेतली जाते, पोटाचे स्नायू कापले जातात, पाच-सात दिवस खाट अडते आणि जड काम करायला चार ते सहा आठवडे लागतात. पुण्यातील बँक अधिकाऱ्याला ही रजा परवडते. नारळाच्या झाडावर चढणाऱ्याला, मिनिकॉयच्या होडीत उभे राहून गळाच्या काठीने टूना मासा ओढून काढणाऱ्याला ती परवडत नाही. ज्याचे पोट दंडांवर चालते, त्याच्या पोटाचे स्नायू शाबूत राहणे ही चैन नव्हे. छोट्या रुग्णालयाच्या दृष्टीनेही पाहा. खाटा मोजक्या, परिचारिका मोजक्या. एक खाट सात दिवसांऐवजी दोन दिवसांत मोकळी होणे म्हणजे काय, हे तेथील मुख्य परिचारिकेला विचारावे.

याहून महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. बेटावर सोय नसते तेव्हा रुग्णाला मुख्य भूमीवर पाठवले जाते. कागदावर हा मार्ग सोपा दिसतो. प्रत्यक्षात रुग्णासोबत एक नातेवाईक हवा, दोघांची तिकिटे हवीत, कोचीत राहण्याची व्यवस्था हवी, तपासण्या होऊन तारीख मिळेपर्यंत धीर हवा, आणि घरी मुले व म्हातारी माणसे सांभाळायला कुणी हवे. म्हणून तो ठरवतो, 'पुढच्या मोसमात बघू.' दुखणे थांबते, तो कामाला लागतो. खडे मात्र थांबलेले नसतात. एखादा खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकतो आणि तीव्र दाह होतो; किंवा तो मुख्य पित्तनलिकेत घसरतो आणि कावीळ होते; किंवा स्वादुपिंडाला सूज येते, आणि या सुजेत माणूस दगावू शकतो. हे सारे जुलै महिन्यात, जहाज नसताना घडले, तर जी शस्त्रक्रिया फेब्रुवारीत पाऊण-एक तासात झाली असती, तिच्यासाठी आता हेलिकॉप्टर, अतिदक्षता विभाग आणि देवाची कृपा, तिन्ही लागतात. बेटावर नियोजित शस्त्रक्रिया हाच आणीबाणी टाळण्याचा उपाय असतो. खडे आहेत पण त्रास काहीच नाही, अशांचे पित्ताशय मात्र काढू नये. सोनोग्राफीत खडा दिसला की शस्त्रक्रियेची तारीख, ही शहरातील प्रथा बेटावर नेण्याचे कारण नाही.

तंत्राचा इतिहास आणि मुंबईचा वाटा

पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी केली. त्यानंतर शंभर वर्षे मूळ पद्धत फारशी बदलली नाही. सप्टेंबर १९८५ मध्ये जर्मनीतील ब्योब्लिंगेन या छोट्या गावी एरिख म्यूअ यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढून दाखवले. पुढच्या वर्षी जर्मन शल्यविशारदांच्या परिषदेत त्यांनी ते मांडले, तेव्हा त्यांच्या वाट्याला उपहास आला; त्याच संस्थेने त्यांना १९९२ साली गौरवले. १९८७ मध्ये फ्रान्समधील लियों येथे फिलिप मूरे यांनी हे तंत्र स्वतंत्रपणे वापरले आणि तेथून ते जगभर पसरले.

भारतात ते आले १९९० साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेम्तन उडवाडिया यांच्या हातून. हा तपशील मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावा असा आहे, आणि त्याचे कारण केवळ 'पहिले' हा शब्द नव्हे. डॉ. उडवाडिया १९७२ पासून जे. जे.मध्ये पोटात दुर्बीण घालून निदान करीत होते. ज्या रुग्णालयात गर्दी अफाट, तपासणीची साधने अपुरी आणि रुग्ण बहुतांशी गरीब, तेथे पोट न फाडता आत काय आहे हे पाहता येणे, ही त्यांच्या लेखी गरिबाची सोय होती. विकसनशील देशांतील दुर्बीण शस्त्रक्रियेवर त्यांनी ग्रंथ सिद्ध केला. २०१७ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २०२३ मध्ये ते निवर्तले. हे तंत्र धनिकांच्या रुग्णालयातून झिरपत खाली आले, अशी आपली समजूत असते. भारतात तरी त्याची मुळे एका सार्वजनिक रुग्णालयाच्या सामान्य कक्षात आहेत.

विरोधकांचे म्हणणे

इथवर वाचून कुणी 'मग उद्याच सुरू करा' म्हणेल, तर त्याला थांबवले पाहिजे. या तंत्राला विरोध करणाऱ्यांकडे एक भक्कम युक्तिवाद आहे आणि तो टाळून चालणार नाही.

यकृतातून निघणारी मुख्य पित्तनलिका आणि पित्ताशयाची आखूड नळी एकमेकींच्या अगदी जवळ असतात. सूज असली की दोन्ही एकसारख्या दिसतात. चुकीची नळी कापली गेली, तर रुग्णाचे आयुष्य बदलते. जुन्या पद्धतीत हे हजारात एक-दोनदा होत असे. नव्या तंत्राच्या सुरुवातीच्या वर्षांत ते प्रमाण हजारी चार-पाचपर्यंत चढले, कारण शनिवार-रविवारचा वर्ग करून सोमवारी शस्त्रक्रिया करणारे उत्साही लोक जगभर निघाले. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्यखात्याला १९९२ साली, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली किमान पंधरा शस्त्रक्रिया केल्याशिवाय स्वतंत्रपणे हात घालू नये, असे बजावावे लागले. १९९५ मध्ये अमेरिकी शल्यविशारद स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी एक शिस्त सांगितली : पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच रचना, एक नळी आणि एक धमनी, स्वच्छ सुट्या दिसल्याशिवाय आणि पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून मोकळा केल्याशिवाय काहीही कापायचे नाही. आज जगभर ही शिस्त शिकवली जाते.

आता बेटाचा हिशेब मांडू. ब्रिटनमध्ये वर्षाला साधारण हजार लोकसंख्येमागे एक पित्ताशय काढले जाते. तेच प्रमाण धरले, तर सबंध लक्षद्वीपमध्ये वर्षाला साठ-पासष्ट शस्त्रक्रिया होतील, एकट्या कवरत्तीत दहा-अकरा. शिवाय खड्यांचा विकार गंगेच्या खोऱ्यात जितका आढळतो तितका दक्षिण भारतात आढळत नाही, म्हणजे प्रत्यक्ष आकडा याहूनही कमी असेल. मोठ्या शहरातील व्यस्त शल्यविशारद दोन महिन्यांत इतक्या करतो. महिन्याला एखादी शस्त्रक्रिया करणाऱ्याचा हात कसा तयार राहणार? आणि पित्तनलिकेला इजा झालीच, तर ती दुरुस्त करणारा तज्ज्ञ चारशे किलोमीटर पलीकडे आहे.

या आक्षेपाचे उत्तर भावनेने देता येत नाही, व्यवस्थेने द्यावे लागते. पहिली गोष्ट, प्रत्येक बेटाला यंत्र, ही मागणी लोकप्रतिनिधीला शोभली तरी वैद्यकीयदृष्ट्या घातक आहे. एका द्वीपसमूहात एकच केंद्र असावे. आंतरबेटीय होडीचा प्रवास आणि कोचीचा प्रवास यांत फार अंतर आहे. दुसरी गोष्ट, दुर्बिणीचे कौशल्य केवळ पित्ताशयापुरते नसते. अपेंडिक्स, बीजनलिकेत राहिलेला व फुटू पाहणारा गर्भ, पोटदुखीचे अनाकलनीय निदान, हे सारे त्याच कॅमेऱ्याने आणि त्याच हाताने होते. त्यातून सराव टिकतो. तिसरी गोष्ट, बेटावरील शल्यविशारदाला दरवर्षी काही आठवडे मुख्य भूमीवरील मोठ्या रुग्णालयात काम करायला पाठवणे हे नेमणुकीच्या अटींतच असले पाहिजे. ती रजा मानली जाऊ नये, तो कामाचा भाग मानला जावा.

हे कल्पनारम्य नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंड या द्वीपसमूहांची लोकसंख्या प्रत्येकी बावीस-तेवीस हजार, म्हणजे आपल्या लक्षद्वीपच्या तृतीयांश. तेथील छोट्या रुग्णालयांत साधी पित्ताशये दुर्बिणीने काढली जातात आणि गुंतागुंतीचे रुग्ण विमानाने ॲबरडीनला जातात. श्रीमंत देशाचे उदाहरण नको असेल तर मंगोलियाचे घ्या. समुद्र नाही, पण गवताळ पठारावर पसरलेली विरळ वस्ती आणि कडाक्याचा हिवाळा यांनी तेथील प्रांतिक रुग्णालयांचीही बेटेच केली आहेत. २००५ साली त्या देशात शंभरांतील जेमतेम दोन पित्ताशये दुर्बिणीने निघत होती. २०१३ पर्यंत ते प्रमाण साठाच्या वर गेले. अमेरिकेतील युटा विद्यापीठाचे शल्यविशारद त्यासाठी वर्षानुवर्षे येत राहिले. यंत्र भेट देऊन छायाचित्र काढून ते परतले नाहीत, स्थानिक चमू तयार होईपर्यंत शेजारी उभे राहिले.

खारा वारा, सिलिंडर आणि परिचारिका

आपल्याकडे योजना आखताना यंत्राची किंमत सर्वप्रथम विचारली जाते. बेटावर यंत्राचा शत्रू किंमत नसून हवा आहे. खारट, दमट वाऱ्यात धातू गंजतो, भिंगावर बुरशी धरते, विजेच्या जोडण्या हिरव्या पडतात. दुर्बीण एकच असेल आणि तिच्यातील काच तडकली, तर पुढील जहाजापर्यंत विभाग बंद. म्हणून एक भारी दुर्बीण घेण्यापेक्षा दोन मध्यम प्रतीच्या घ्याव्यात. एकदा वापरून फेकायच्या हत्यारांऐवजी धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा वापरता येणारी पोलादी हत्यारे घ्यावीत. धातूच्या क्लिपा संपल्या म्हणून काम अडू नये, यासाठी दोऱ्याची गाठ बाहेर बांधून आत सरकवण्याची जुनी, स्वस्त रीत प्रत्येकाला यायला हवी. लक्षद्वीपची वीज मुख्यतः डिझेल जनित्रांवर चालते. दिवा गेला तरी शस्त्रक्रिया पूर्ण करता येईल इतकी बॅटरी शस्त्रक्रियागृहात हवीच.

पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड लागतो, पाऱ्याच्या बारा ते पंधरा मिलिमीटर दाबाने. त्याचे सिलिंडर बोटीनेच येणार. पावसाळ्याचा साठा एप्रिलमध्ये करावा लागतो, हे भांडारपालाला कळले नाही तर शल्यविशारदाची पदवी निरुपयोगी ठरते. ग्रामीण शल्यविशारदांनी यावर एक देशी उपाय काढला आहे. वायू न भरता पोटाची भिंत यांत्रिक आकड्याने वर उचलायची आणि पाठीत सुई देऊन कमरेखालच्या भुलेत काम करायचे. ईशान्य भारताच्या दुर्गम भागांत हे तंत्र वापरले गेले आहे. ते स्तुत्य आहे. पित्ताशयासाठी मात्र त्यात आतली जागा तोकडी दिसते, त्यामुळे नवशिक्याने त्यापासून आरंभ करू नये, असे या लेखकाचे मत आहे.

आणि भूल! दुर्बिणीच्या चर्चेत भूलतज्ज्ञाचे नाव सर्वांत शेवटी येते, ते खरे पाहता पहिले हवे. पोटात भरलेला वायू रक्तात शोषला जातो. रुग्णाच्या उच्छ्वासातील त्याचे प्रमाण दाखवणारे कॅप्नोग्राफ हे उपकरण आणि ते वाचणारा माणूस नसेल, तर उत्तम कॅमेरादेखील बंद ठेवावा. बेटावर कायम नेमणुकीचा भूलतज्ज्ञ मिळत नसेल, तर हा निधी आधी तिकडे वळवावा. रक्ताचीही तीच गोष्ट. तयार पेढी नसेल तेथे कोणत्या गटाचा दाता कोणत्या घरात राहतो, याची अद्ययावत यादी आणि त्याला बोलावण्याची रीत हवी. बेटावर सारे एकमेकांना ओळखतात, हा लाभ शहराला नाही.

सर्वांत दुर्लक्षित मुद्दा नेमणुकांचा आहे. बाहेरून आलेला डॉक्टर दोन-तीन वर्षांत बदलून जातो आणि त्याच्याबरोबर जहाजातून ज्ञानही जाते. मागे उरते ती झाकलेली, धूळ खाणारी ट्रॉली. बेटावर जन्मलेली, बेटावरच निवृत्त होणारी परिचारिका आणि तंत्रज्ञ हीच या विभागाची खरी पायाभरणी आहे. कोचीच्या प्रशिक्षणाला शल्यविशारदासोबत या दोघांना पाठवले, तर नवा डॉक्टर आला तरी हत्यारे कशी धुवायची, कॅमेरा कसा धरायचा, काय बिघडले की कोणाला फोन करायचा, हे सांगणारे कुणी तरी तेथे असेल.

माघार घेण्याची कला

छोट्या ठिकाणी यश मोजण्याची पद्धतच बदलावी लागते. दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया अवघड वाटताच पोट उघडून पूर्ण करणे याला अपयश म्हणणारा शल्यविशारद बेटावर धोकादायक आहे. सूज फार असेल तर पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवून परतावे, किंवा केवळ नळी घालून पू काढावा आणि समुद्र शांत झाल्यावर रुग्ण पाठवावा. यात कमीपणा नाही. कावीळ झालेला, पित्तनलिका फुगलेला किंवा हृदयविकार असलेला वृद्ध रुग्ण मुळात टेबलावर घेऊच नये. यात एक नवी अडचण आहे. आजच्या तरुण शल्यविशारदांनी शिक्षणकाळात पोट उघडून काढलेली पित्ताशये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाहिलेली असतात. बेटावर पाठवायचा माणूस निवडताना त्याला दुर्बीण किती येते, याआधी दुर्बिणीवाचून किती येते, हे विचारायला हवे.

आकड्यांच्या मोहाचे फळ आपण पाहिले आहे. सरकारी यंत्रणेला दुर्बीण नवी नाही. स्त्री-नसबंदीच्या शिबिरांतून ती कित्येक दशके खेडोपाडी फिरली आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका दिवशी काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्या दिवसांतील शिबिरांनंतर तेरा स्त्रिया दगावल्या. दोष औषधाचा की निर्जंतुकीकरणाचा, हा वाद पुढे चालला. उद्दिष्टाच्या घाईबद्दल मात्र वाद नव्हता. बेटावरील विभागाला वार्षिक उद्दिष्ट देण्याचे पाप कुणी करू नये.

एका बाबतीत मात्र काळ अनुकूल झाला आहे. चेन्नईपासून अंदमानपर्यंतची समुद्राखालील तार ऑगस्ट २०२० मध्ये आणि कोची-लक्षद्वीपची जानेवारी २०२४ मध्ये कार्यान्वित झाली. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत आत काय दिसते, ते फक्त टेबलाभोवतीच्या माणसांना कळते. दुर्बिणीत शल्यविशारद जे पाहतो, तेच पडद्यावर उमटते, आणि तोच पडदा कोचीतील ज्येष्ठ तज्ज्ञासमोर त्याच क्षणी उघडता येतो. 'थांबा, ती नळी अजून मोकळी झालेली नाही,' हे एक वाक्य चारशे किलोमीटरवरून वेळेत पोहोचले, तर त्या तारेचा खर्च वसूल झाला. पर्यटकांच्या छायाचित्रांसाठी वेग वाढला, हे ठीकच आहे.

मराठी माणसाचे अंदमानशी नाते स्वातंत्र्यवीर सावरकरांमुळे जडले. सेल्युलर जेल पाहायला जाणारे आपले यात्रेकरू त्याच आवाराला लागून उभ्या असलेल्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयासमोरून जातात. आत फारसे कुणी डोकावत नाही. मुंबई-पुण्यात वर्षाला शेकडो पित्ताशये काढणारे निष्णात शल्यविशारद आणि अनुभवी भूलतज्ज्ञ आहेत. त्यांच्यातील काहींनी वर्षातील दोन आठवडे एखाद्या बेटाला द्यावेत. पण दरवर्षी त्याच बेटाला, त्याच चमूला. फिरते शिबिर नको.

आरंभ ऑक्टोबरमध्ये व्हावा. समुद्र निवळलेला असतो, जहाजे नियमित असतात, आणि मेपर्यंत सात महिने हातात असतात. पहिल्या पंचवीस शस्त्रक्रियांना बाहेरचा मार्गदर्शक टेबलापाशी प्रत्यक्ष उभा असावा, त्यापुढच्या पंचवीस पडद्यावरून पाहिल्या जाव्यात. रुग्णही निवडून घ्यावेत : सडपातळ, सूज नसलेले, पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया न झालेले. प्रत्येकाची नोंद, किती उघडाव्या लागल्या, किती पाठवाव्या लागल्या यासह, रुग्णालयाच्या दर्शनी फलकावर लावावी. पहिल्या वर्षी मेच्या मध्यानंतर नियोजित एकही पित्ताशय टेबलावर घेऊ नये. ते चार महिने हत्यारांच्या देखभालीला, परिचारिकेच्या प्रशिक्षणाला आणि सिलिंडरच्या हिशेबाला द्यावेत.